रोज संध्याकाळी ९९.२. हा ताप धरायचा का?

तिरपे_ऊन

तीन आठवड्यांपूर्वी मला ताप येऊन गेला. चार दिवस होता, १०२ पर्यंत चढला, घाम फुटून उतरला. खरं तर गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण नक्की उतरलाय ना, म्हणून पाचव्या दिवशी संध्याकाळी थर्मामीटर लावला तर ९९.२. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा ९९.२, तिसऱ्या दिवशी ९९.४. सकाळी उठल्या उठल्या लावला की ९७.७, जणू काही झालंच नाही. तेव्हापासून साडेसहा वाजले की माझा हात आपोआप ड्रॉवरकडे जातो.

डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी तपासलं, रक्त तपासून घेतलं, सगळं ठीक निघालं. "आता थर्मामीटर लावणं बंद करा," म्हणाले. नवराही तेच म्हणतो, फक्त मोठ्या आवाजात. अंग दुखत नाही, भूक लागते, कामं होतात. पण आकडा तर समोर दिसतोय! ९८.६ च्या वर गेलं की कसर आहे, हे लहानपणापासून डोक्यात बसलंय.

त्यात काल आणखी घोळ घातला. तोंडात डिजिटल लावला, ९९.२. तोच काखेत लावला, ९८.१. मग कपाळासमोर धरायची गन काढली, ९७.३. पाच मिनिटांत तीन आकडे. यातलं माझं कोणतं?

मधली_सुट्टी

थर्मामीटर नवऱ्याच्या ताब्यात द्या आणि कुठे ठेवला ते विचारू नका. :)

शाईपेन

९८.६ चं भूत आधी उतरवू या, मग बाकीचं.

हा आकडा जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिख या डॉक्टरांमुळे रूढ झाला. त्यांनी सुमारे २५,००० रुग्णांची लाखो वेळा तापमानं घेतली आणि १८६८ साली पुस्तक काढलं. थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब, आणि तो काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून बसायचं. म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाचा हात तेवढा वेळ दाबून धरायला कोणीतरी हवंच. सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑल्बट यांनी साधारण त्याच सुमारास केला, त्यानंतर कुठे ही वस्तू डॉक्टरांच्या खिशात गेली.

आता गंमत बघा. वुंडरलिख यांनी दिलेला आकडा होता ३७ अंश सेल्सिअस. चांगला गोल आकडा. त्याचं फॅरनहाइट केलं की नेमकं ९८.६ येतं, आणि तो 'पॉइंट सहा' बघून आपल्याला वाटतं, वा, किती बारीक मोजलंय! ती बारकाई मोजण्यातून आलेली नाही, गुणाकारातून आली आहे. स्वतः वुंडरलिख यांनी तर दिवसभरात तापमान वरखाली होतं आणि निरोगी माणसांचा एक पट्टा असतो, असंच लिहिलं होतं. लोकांनी पट्टा सोडला आणि मधली रेघ उचलली.

१९९२ मध्ये अमेरिकेत मॅकोवियाक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी माणसांची तापमानं जिभेखाली घेतली. सरासरी आली ९८.२. आणि निरोगी म्हणता येईल अशी वरची हद्द ९९.९. तुमचं ९९.२ त्यात आरामात बसतं.

चिमटा

फॅरनहाइटसाहेबांच्या मूळ मापात माणसाचं तापमान ९६ होतं असं वाचल्याचं आठवतं. म्हणजे तेव्हा आपण सगळे अडीच अंश थंड होतो का?

शाईपेन

हाहा, नाही. १७२४ मध्ये त्यांनी बर्फ, पाणी आणि मिठासारख्या क्षाराच्या मिश्रणाला शून्य, बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या अंगाला ९६ धरलं होतं. पुढे उकळत्या पाण्याला २१२ पक्कं केलं, तेव्हा पट्टी थोडी सरकली आणि माणूस ९८ च्या घरात गेला. सरकली ती पट्टी, माणूस होता तिथेच होता.

तसा माणूसही थोडा सरकलाय म्हणतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या दीडशे वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यात जन्माच्या दर दशकामागे सरासरी ०.०३ अंश सेल्सिअस घट दिसली. जुने संसर्ग कमी झाल्यामुळे शरीरातली धग उतरली असावी, असा त्यांचा अंदाज आहे.

दवाखाना_बंद

चाळीस वर्षं दवाखाना चालवला, आता बंद केलाय, म्हणून हे नाव. तिरपे ऊनताई, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण का ते सांगितलं नाही. ते मी सांगतो.

शरीराचं तापमान दिवसभर एकसारखं नसतं. पहाटे चार ते सहाच्या दरम्यान ते सगळ्यात खाली असतं, संध्याकाळी चार ते सहा-सातच्या सुमारास सगळ्यात वर. फरक सरासरी अर्धा अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये जवळजवळ एक अंश. काहींचा दीडही असतो. म्हणून पुस्तकातही तापाची हद्द वेळेप्रमाणे दिलेली आहे: जिभेखाली सकाळी ९८.९ च्या वर, किंवा संध्याकाळी ९९.९ च्या वर. म्हणजे ९९.४ हाच आकडा पहाटे पाचला दिसला तर मी कान टवकारीन आणि संध्याकाळी सहाला दिसला तर वर्तमानपत्र वाचत राहीन. तुमचं सकाळचं ९७.७ आहे ना? तेच खरं उत्तर आहे. तुम्ही ते चिठ्ठीत लिहिलंत आणि स्वतःच त्याच्यावरून पुढे गेलात.

पेशंट फोनवर "९९.२ आहे" म्हणाला की मी लगेच विचारायचो: किती वाजता? कुठे लावला? कशाने? आणि एरवी तुमचं किती असतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शंभरातल्या एखाद्याकडेच असायचं. बरं असताना थर्मामीटर लावतो कोण!

ताई, पाळी चालू असण्याच्या वयात असाल तर आणखी एक. अंडं सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात तापमान ०.३ ते ०.५ सेल्सिअस वर राहतं. फॅरनहाइटमध्ये अर्धा ते पाऊण-एक अंश. तेवढ्यावर घाबरून दवाखान्यात आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

गच्चीवरून

सगळे "काळजी करू नका" म्हणताहेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. आमच्याकडे एका नातेवाइकाचा संध्याकाळचा बारीक ताप असाच 'नॉर्मल' म्हणून दोन महिने चालवून घेतला. टीबी निघाला. धाग्यावर असले निकाल देऊ नयेत.

दवाखाना_बंद

गच्चीवरून, रास्त बोललात. टीबीत संध्याकाळी कसर येते, खरं आहे. पण ती बहुतेक वेळा एकटी येत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन उतरणं, रात्री कपडे भिजतील असा घाम, भूक मरणं. यातलं एक जरी सोबत असेल तर आकडा ९९ असो की १०१, तपासून घ्यायचंच. ताईंना यातलं काही नाही, आणि त्या तपासूनही आल्या आहेत. धाग्यावर निदान होत नसतं हे मान्यच आहे.

शून्यबिंदू

तीन आकड्यांचं मी घेतो. मापनयंत्रं तपासणं हेच माझं काम आहे.

तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण तिन्ही वेगळ्या वस्तूंचे आहेत. तोंडात, जिभेखालच्या खोबणीत मोठी रक्तवाहिनी जवळ असते, तिथे आतल्या तापमानाचा बऱ्यापैकी अंदाज लागतो. काख ही कातडीची घडी. तिथे साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतं, हात सैल असेल तर आणखी कमी. गुदद्वारातलं तोंडापेक्षा साधारण तेवढंच जास्त. "काखेतल्या आकड्यात एक मिळवा" हा घरगुती नियम वाईट नाही, पण फरक प्रत्येकात आणि प्रत्येक वेळी बदलतो. मिळवण्यापेक्षा "काखेत ९८.१" असंच लिहून ठेवावं.

गनचं वेगळंच. ती कपाळाच्या कातडीतून निघणारे अवरक्त किरण मोजते. कातडी खरी असते ३३-३४ सेल्सिअसला. तिथून आतलं तापमान किती असेल हा हिशेब यंत्र पोटातल्या पोटात करतं. पंख्याखाली बसलात, कपाळावर घाम आहे, नुकतेच उन्हातून आलात, की तो हिशेब चुकला. बऱ्याच गनवर 'पृष्ठभाग' आणि 'शरीर' अशा दोन सेटिंग असतात. पृष्ठभागावर राहिली तर धडधाकट माणूस ९३ दाखवतो आणि घरात रडारड होते. दाराशी रांगेतली माणसं चाळायला गन ठीक आहे, रोजची वही ठेवायला नाही.

डिजिटल काडीबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. टोकाशी एक थर्मिस्टर असतो, तापमानाप्रमाणे त्याचा विद्युतरोध बदलतो. आकडा चढायचा वेग मंदावला की यंत्र ठरवतं 'झालं' आणि पिप् वाजतं. काखेत आधीच हळू चढतं, त्यामुळे पिप् लवकर वाजू शकतं. पिप् झाल्यावर काढू नका, मिनिट-दोन मिनिटं तसाच ठेवा आणि आकडा बघा. कित्येकदा दोन-तीन पॉइंट आणखी चढतो.

पाणवठा

मी एकदा बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासला होता, तर स्क्रीनवर नुसतं 'लो' आलं. म्हणजे बिघडलाय ना?

शून्यबिंदू

नाही हो, तो बरोबर बोलला. अंगाचा थर्मामीटर साधारण ३२ सेल्सिअसच्या खालचं मोजतच नाही. शून्य दाखवणं त्याच्या कामातच नाही. घरी तपासायचंच असेल तर दोन थर्मामीटरची टोकं एकमेकांना चिकटवून धरा, जेमतेम कोमट पाण्यात घाला आणि पाणी ढवळत राहा. दोघांत दोन-तीन पॉइंटपेक्षा जास्त फरक आला तर एक चुकतोय. कोणता ते मात्र तिसरा आणल्याशिवाय कळणार नाही. आणि पाऱ्याचा असेल तर गरम पाण्यात अजिबात घालू नका, वरची जागा संपली की काच तडकते.

जुनी_रजई

पाऱ्याचा विषय निघाला म्हणून. आमची आई झटकायची तेव्हा मनगटाचा आवाज यायचा. मग खिडकीशी जाऊन डोळ्यासमोर आडवा धरून हळू हळू फिरवायची, एका ठरावीक तिरक्या कोनात ती रुपेरी रेघ एकदम जाड दिसायची. मला ती कधी पटकन सापडली नाही. अंगातून काढला तरी पारा खाली का उतरत नसे हे मात्र आजतागायत कळलेलं नाही.

शून्यबिंदू

फुग्याच्या वर नळीचा गळा मुद्दाम आवळलेला असतो. पारा तापला की जोर करून त्यातून वर जातो. थंड झाला की त्या गळ्याशी धागा तुटतो आणि वरचा भाग तिथेच अडकतो. म्हणून झटकायचा, म्हणजे तो मारून-मुटकून परत खाली जातो. बॅटरी न लागणारी स्मरणशक्ती! पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी देशांनी केलेल्या मिनामाटा करारानुसार २०२० नंतर पाऱ्याचे थर्मामीटर बनवणं आणि आयात-निर्यात बंद करायचं ठरलं. आता काचेचे मिळतात त्यांत गॅलियम, इंडियम आणि कथिलाचा मिश्रधातू असतो. तो काचेला चिकटतो, म्हणून झटकायला आणखी जोर लागतो.

जुना घरात असेल आणि फुटला तर झाडू नका, व्हॅक्युम तर लावूच नका, वाफ खोलीभर होते. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, जाड कागदाने गोळ्या एकत्र ढकलून झाकणाच्या बाटलीत भरा. बाटली कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा घेतात तिथे द्या.

पाळणा

बाळ अडीच महिन्यांचं आहे. हात लावला की सारखं गरम वाटतं. हातावर किती भरवसा ठेवायचा?

दवाखाना_बंद

आईचा हात "ताप नाही" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बरोबर असतो. "ताप आहे" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा फसतो, कारण हात फक्त स्वतःशी तुलना करतो. आपला हात गार असेल तर सगळं जग गरम.

पण अडीच महिने म्हटल्यावर गप्पा बाजूला. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त, म्हणजे ३८ सेल्सिअस, दिसलं तर बाळ हसत-खेळत असलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरकडे. औषध देऊन 'बघू रात्रीपर्यंत' करायचं नाही. या वयात बाळ जास्त गुंडाळल्यानेही तापतं, तर एखादा थर काढून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा, पण तरीही १००.४ असेल तर निघा. आणि उलटही लक्षात ठेवा: एवढी लहान बाळं गंभीर आजारात कधी कधी थंड पडतात. दूध ओढत नाही, मलूल आहे, आकडा ९६ दाखवतोय, तरीही निघा.

पाळणा

आत्ता काखेत ९८.४ आहे, दूधही पितंय. गोधडी काढली. धन्यवाद डॉक्टरकाका.

जुनी_रजई

काका, म्हाताऱ्या माणसांचंही लिहा. माझे वडील ऐंशीच्या पुढचे. एका सकाळी उठले ते भलतंच बोलायला लागले, मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली. ताप बघितला, ९८.९. म्हटलं ताप तर नाही. दुपारपर्यंत वाट बघितली. न्यूमोनिया निघाला. नंतर जुनी वही चाळली तर त्यांचं एरवीचं तापमान ९६.८ च्या आसपास होतं. म्हणजे दोन अंश चढलं होतं आणि मी "नॉर्मल आहे" म्हणत बसले होते. ती सहा-सात तास मला अजून टोचतात.

दवाखाना_बंद

रजईताई, टोचून घेऊ नका, हे डॉक्टरांनाही फसवतं. वय झालं की मूळ तापमानच खाली असतं आणि संसर्ग झाला तरी शरीर पूर्वीसारखं पेटून उठत नाही. म्हणून वृद्धांमध्ये आकडा किती यापेक्षा नेहमीपेक्षा किती चढला हे बघतात. दोन अंश फॅरनहाइट चढलं तर १०० ची वाट बघायची नाही. आणि अचानक भ्रम झाला तर थर्मामीटर काय म्हणतो ते ऐकायचंच नाही. उलट ९५ च्या खाली गेलं, म्हणजे ३५ सेल्सिअस, तर तीही तातडीचीच वेळ.

चिमटा

एक बाळबोध शंका. ताप चढत असताना थंडी का वाजते? अंग तापतंय तर उकडायला हवं.

दवाखाना_बंद

अजिबात बाळबोध नाही. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो ठरवतो की अंग किती गरम ठेवायचं. जंतू शिरले की तिथे निरोप जातो आणि तो आपली खूण वर सरकवतो. समजा १०२. त्या क्षणी अंग मात्र ९८ वरच असतं. मेंदूच्या हिशेबाने आपण चार अंश गार पडलोय! मग कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. १०२ गाठलं की थंडी थांबते. पॅरासिटॅमॉल ती खूण खाली आणतं, तेव्हा शरीराला कळतं की आपण जास्त तापलोय, आणि घाम फुटतो. म्हणून कुडकुडत असताना ९९ दिसलं तर खूश होऊ नका, तो प्रवासात आहे. अर्ध्या तासाने पुन्हा लावा.

उष्माघातात ही खूण जागेवरच असते, अंग बाहेरच्या उष्णतेने तापलेलं असतं. तिथे पॅरासिटॅमॉलचा काडीचा उपयोग नाही. १०४ च्या वर गेलं आणि माणूस बरळतोय, तर पाणी ओतून, वारा घालून थंड करायचं आणि हॉस्पिटल गाठायचं.

तिरपे_ऊन

बारा दिवसांनी परत आले. शून्यबिंदू यांचं वाचून ठरवलं: फक्त एकच काडी, फक्त जिभेखाली, तोंड मिटून, आणि काहीही गरम-गार पिऊन अर्धा तास झाल्यावरच. सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी सातला, बास. (आधी मी संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवला की लगेच लावत होते, हे कबूल करते.)

पहिले सात दिवस सकाळी ९७.४ ते ९७.६, संध्याकाळी ९८.५ ते ९८.८. मी म्हटलं, सुटले! आठव्या दिवशी सकाळीच ९८.१, संध्याकाळी ९९.२. पुन्हा पोटात गोळा. मग कॅलेंडर काढलं आणि तारखा मोजल्या. डॉक्टरकाका, तुम्ही म्हणालात तेच, अगदी त्याच दिवशी. मागच्या महिन्यातही ताप उतरल्यानंतरचे दिवस बरोबर तेच होते. एवढी वर्षं दर महिन्याला हे होत असणार, मी फक्त कधी मोजलं नव्हतं.

गच्चीवरून

वही ठेवलीत हे उत्तम. खोकला-वजन वगैरे काही नाही ना अजून?

तिरपे_ऊन

नाही. वजन तर उलट एक किलो वाढलंय.

आता घरातली बातमी. काल सातला नवऱ्याने माझं बघून गुपचूप काडी लावली. ९९.१. तेव्हापासून पांघरूण घेऊन पडलाय आणि मला विचारतोय, "याला कसर म्हणतात का गं?"

दवाखाना_बंद

सकाळी किती होता ते विचारा त्यांना.